चार्जची युनिटं एकमेकांत कशी बदलायची: कूलोम, एमएएच, मायक्रोकूलोम आणि बाकीची गँग

बारावीचं फिजिक्स चालू असेल, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असेल, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातनं सेल आणून घरीच पॉवर बँक जोडायची हौस असेल, तर कधी ना कधी हा प्रश्न येतोच की पुस्तकात चार्ज कूलोममध्ये, बॅटरीवर एमएएचमध्ये, कपॅसिटरच्या गणितात मायक्रोकूलोममध्ये, मग हे सगळं एकच आहे का, आणि एकातनं दुसऱ्यात जायचं कसं. जायचं सोप्पं आहे. गुणाकार भागाकार सोडून काही नाही त्यात. गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे जे चार्जचं युनिट नाहीच त्याला चार्ज समजून लोक गणित करायला बसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

(टाइप करायला सोपं म्हणून घात ^ ने लिहितोय. १०^-६ म्हणजे दहाचा उणे सहावा घात.)

स्टेप १: हातात आहे ते चार्जचंच युनिट आहे ना?

चार्जची युनिटं ही: कूलोम आणि त्याची पिल्लं (मिली, मायक्रो, नॅनो, पिको), अँपिअर-अवर म्हणजे एएच, मिलीअँपिअर-अवर म्हणजे एमएएच, इलेक्ट्रॉनचा चार्ज ज्याला पुस्तकात ई म्हणतात, फॅराडे, आणि जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतली स्टॅटकूलोम नि अ‍ॅबकूलोम.

चार्जची नसलेली: व्होल्ट, वॅट, वॅट-अवर, फॅराड, आणि लाइटबिलातलं 'युनिट'. बिल बेस्टचं असो, अदानीचं असो की महावितरणचं, त्यातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर, ती एनर्जी झाली. "माझी इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची आहे तर ती किती युनिट?" असं कोणी विचारलं तर नुसत्या १५० वरनं उत्तर निघत नाही, व्होल्ट विचारावेच लागतात. १२ व्होल्टची असेल तर १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-अवर, म्हणजे कागदावर १.८ युनिट. व्होल्ट माहीत नाही तर तिथेच थांबायचं.

फॅराड आणि फॅराडे यांच्यातही एका मात्रेचा फरक आहे पण मामला पूर्ण वेगळा. फॅराड ही कपॅसिटरची क्षमता, फॅराडे हा चार्ज. दोन्ही एकाच माणसाच्या नावावरनं, मायकल फॅराडे, त्यामुळे घोळ होणारच.

स्टेप २: सगळं आधी कूलोममध्ये आणा

मुंबईकराला हे लगेच कळेल. बोरिवलीहून ठाण्याला ट्रेनने जायचं तर दादरला उतरून गाडी बदलायची, तसं इथे कूलोम म्हणजे दादर. एमएएचवरून इलेक्ट्रॉनच्या संख्येवर जायचंय? आधी कूलोम. स्टॅटकूलोमवरून मायक्रोकूलोमवर? आधी कूलोम. प्रत्येक जोडीचा वेगळा आकडा पाठ करायला बसलात तर दहा युनिटांच्या पंचेचाळीस जोड्या होतात, कोण करणार ते. कूलोमवरनं गेलं की प्रत्येक युनिटाचा एकच आकडा लागतो.

कूलोम म्हणजे काय तर एक अँपिअरचा करंट एक सेकंद वाहिला की जेवढा चार्ज गेला तेवढा. चार्ल्स ऑगस्टिन द कूलोम या फ्रेंच इंजिनिअरचं नाव आहे ते, त्याने १७८५ साली पिळाच्या तराजूने दोन चार्जमधला जोर मोजून नियम मांडला. सूत्र एवढंच: चार्ज = करंट × वेळ, करंट अँपिअरमध्ये, वेळ सेकंदात. सेकंदात, परत सांगतो, मिनिटात नाही. अर्ध्याअधिक चुका इथेच होतात.

स्टेप ३: मिली, मायक्रो, नॅनो, पिको

१ मिलीकूलोम = १०^-३ कूलोम
१ मायक्रोकूलोम = १०^-६ कूलोम
१ नॅनोकूलोम = १०^-९ कूलोम
१ पिकोकूलोम = १०^-१२ कूलोम

प्रत्येक पायरीला हजारचा फरक. लहानाकडे जाताना हजाराने गुणायचं, मोठ्याकडे येताना हजाराने भागायचं. ०.४५ मायक्रोकूलोम म्हणजे ४५० नॅनोकूलोम. उत्तर आल्यावर एवढंच बघा की युनिट लहान झालं तर आकडा मोठा झालाय ना, नसेल तर उलटं केलंय.

खरी मजा बाजारात. शास्त्राप्रमाणे लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, दोघांत अब्जाचा फरक. पण स्वस्तातल्या पॉवर बँकेच्या खोक्यावर सगळं कॅपिटलमध्ये छापलेलं असतं, तिथे मेगा वाचायचं नाही, ते मिलीच आहे. आणि सीलिंग फॅनच्या कपॅसिटरवर 'एमएफडी' लिहिलेलं असतं, २.५ एमएफडी वगैरे, तिथला एम मिली पण नाही आणि मेगा पण नाही, तो मायक्रो! जुनी पद्धत आहे, दुकानदार पण तसंच बोलतात, वाद घालू नका, मायक्रो समजून पुढे जा.

त्याच कपॅसिटरचं गणित करून बघू. कपॅसिटरवरचा चार्ज = क्षमता × व्होल्ट. समजा २.५ मायक्रोफॅरडवर ३०० व्होल्ट चढलेत, तर २.५ × ३०० = ७५० मायक्रोकूलोम, म्हणजे ०.७५ मिलीकूलोम, म्हणजे ०.०००७५ कूलोम. मायक्रो आत टाकला तर मायक्रोच बाहेर येतो, मधे घात उघडून बसायची गरज नाही. आकडा चिल्लर वाटतो पण झटका बसतो, त्यामुळे पंखा उघडताना मेन बंद करून कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, मग हात लावायचा.

स्टेप ४: एएच आणि एमएएच, जे रोज लागतं

एक अँपिअर एक तास. तासात ३६०० सेकंद. म्हणून

१ एएच = ३६०० कूलोम
१ एमएएच = ३.६ कूलोम

संपलं. एमएएचला ३.६ ने गुणा की कूलोम, कूलोमला ३.६ ने भागा की एमएएच. ५००० एमएएचचा फोन म्हणजे १८,००० कूलोम. वजनकाट्यात बसतो तो गोल चपटा सीआर२०३२ सेल साधारण २२५ एमएएचचा, म्हणजे ८१० कूलोम. १० हजारवाली पॉवर बँक ३६,००० कूलोम. १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी ५ लाख ४० हजार कूलोम.

आता नेहमीचा वाद. "माझा फोन ५००० चा, पॉवर बँक १०,००० ची, मग दोनदा फुल का होत नाही, दुकानवाल्याने फसवलं." फसवलं असेलही, पण बहुतेक वेळा नसतं फसवलेलं. पॉवर बँकेवरचा १०,००० हा आकडा आतल्या सेलचा आहे आणि तो सेल ३.७ व्होल्टचा. बाहेर यूएसबीला मात्र ५ व्होल्ट द्यायचे असतात, ते आतलं सर्किट वाढवून देतं, आणि व्होल्ट वाढले की चार्ज तेवढ्या प्रमाणात कमी मिळतो कारण एनर्जी काही फुकट वाढत नाही. म्हणून इथे एमएएच थेट एमएएचला लावायचे नाहीत, आधी वॅट-अवर काढायचे. १० एएच × ३.७ = ३७ वॅट-अवर. ते ५ व्होल्टवर किती? ३७ भागिले ५, म्हणजे ७.४ एएच, ७४०० एमएएच. त्यात सर्किटमध्ये उष्णता होऊन जाते ती वजा केली की सहा साडेसहा हजार उरतात, आणि बऱ्याच पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून असाच काहीतरी आकडा छापलेलाही असतो, पण तो वाचतं कोण. फोनची बॅटरी पण ३.८५ व्होल्टच्या आसपासची, म्हणजे तिला १९ वॅट-अवर लागतात, मग ३७ मधनं नुकसान काढून साधारण दीड वेळा फोन भरतो. दीडच. दोन नाही.

तो छोटा यूएसबी टेस्टर मिळतो ना, स्क्रीनवर एमएएच मोजत जाणारा, तो ५ व्होल्टच्या बाजूचा चार्ज मोजतो. त्याच्यावर ६३०० दिसले म्हणून १०,००० वाली पॉवर बँक परत करायला जाऊ नका.

खरी फसवणूक ओळखायची असेल तर सुटे सेल बघा. १८६५० साइझचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यात चांगल्या कंपनीचा माल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला आलात आणि कोणी ९९०० छापलेला १८६५० दाखवला तर हसून पुढच्या दुकानात जा. त्या नळकांड्यात ३५,६४० कूलोम मावतच नाहीत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी पण हाच हिशोब. नियम एमएएचचा नाही, वॅट-अवरचा आहे, १०० वॅट-अवरपर्यंत पॉवर बँक केबिन बॅगेत चालते, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत तर टाकायचीच नाही. २०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ७४ वॅट-अवर, म्हणजे चालेल. लोक २७,००० वाली का शोधतात तेही इथेच कळतं, २७ × ३.७ = ९९.९.

इन्व्हर्टरवाल्यांना अजून एक. बॅटरीवर '१५० एएच, सी-२०' असं असतं. कूलोमचं चिन्हही सी असतं, पण हा सी म्हणजे कूलोम नाही. त्याचा अर्थ बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर १५० एएच मिळतील, म्हणजे ७.५ अँपिअरने. तुम्ही पंखे, टीव्ही, फ्रिज सगळं लावून दोन तासांत पिळून काढायला गेलात तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी तेवढे एएच देत नाही, कमीच देते. आणि कपॅसिटरच्या सूत्रात क्षमतेसाठी लिहितात तो सी वेगळा, तापमानाचा सी अजून वेगळा, म्हणून अक्षर बघून नाही तर बाजूला काय लिहिलंय ते बघून ठरवायचं.

स्टेप ५: इलेक्ट्रॉन मोजायचे असतील तर

एका इलेक्ट्रॉनचा चार्ज १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम. हा आकडा आता मोजलेला नाही, ठरवलेला आहे. २० मे २०१९ पासून एसआय पद्धतीत तो कायमचा पक्का केला आणि अँपिअरची व्याख्या त्याच्यावर बसवली. त्याआधी अँपिअरची व्याख्या एक मीटर अंतरावरच्या दोन समांतर तारांमधल्या जोरावरनं होती, जुन्या पुस्तकात ती अजून दिसेल.

बारावीला १.६ धरलं की पुरे. कूलोमवरून इलेक्ट्रॉन: भागिले १.६ × १०^-१९. इलेक्ट्रॉनवरून कूलोम: गुणिले तेच. एका कूलोममध्ये ६.२५ × १०^१८ इलेक्ट्रॉन येतात (नीट बघितलं तर ६.२४ × १०^१८).

आपल्या एचएससी बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, पण यासाठी लॉग टेबल उघडून वेळ घालवू नका. १.६ म्हणजे ८/५, म्हणून १.६ ने भागणं म्हणजे ५ ने गुणून ८ ने भागणं. उदाहरण, ४.८ मायक्रोकूलोममध्ये किती इलेक्ट्रॉन? ४.८ × ५ = २४, भागिले ८ = ३. घातांचं: -६ मधून -१९ वजा, म्हणजे -६ + १९ = १३. उत्तर ३ × १०^१३. उणे घाताने भागताना चिन्ह पलटतं, तिथेच सगळे पडतात, म्हणून घात वेगळ्या ओळीत लिहा.

अजून एक चेक फुकटात मिळतो. इलेक्ट्रॉन अर्धा नसतो. एखाद्या वस्तूवर २.४ × १०^-१९ कूलोम चार्ज असू शकतो का असं विचारलं तर भागून बघा, दीड येतो, म्हणजे नाही.

स्टेप ६: फॅराडे, म्हणजे चांदीचं पाणी चढवणाऱ्यांचं युनिट

एक मोल (अणू, इलेक्ट्रॉन मोजायचा ठरलेला गठ्ठा, डझनासारखा पण प्रचंड मोठा) इलेक्ट्रॉनचा एकूण चार्ज म्हणजे एक फॅराडे, ९६,४८५ कूलोम. पुस्तकात गोल करून ९६,५०० धरतात. एएचमध्ये २६.८.

हे केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं वाटतं पण झवेरी बाजारच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये मुलामा देणारे कारागीर असतात, त्यांचं काम याच्यावरच चालतं, ते फॅराडे नसतील म्हणत, अँपिअर आणि मिनिटं म्हणतात, पण मोजतात चार्जच. चांदीचा एक अणू बसायला एक इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून एक फॅराडेला एक मोल चांदी, १०७.८७ ग्रॅम. त्याला ९६,४८५ ने भागलं की दर कूलोमला १.११८ मिलिग्रॅम चांदी. एकेकाळी अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच ही होती, चांदीच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवेल तो एक अँपिअर.

ताम्हणाला चांदीचं पाणी द्यायचंय, २ अँपिअर, ४५ मिनिटं. ४५ मिनिटं म्हणजे २७०० सेकंद, गुणिले २ = ५४०० कूलोम = १.५ एएच. गुणिले १.११८ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६ ग्रॅम चांदी. तांब्याचा थर असता तर त्याच ५४०० कूलोमला पावणेदोन ग्रॅमच बसलं असतं, कारण तांब्याच्या अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात आणि तो अणू हलकाही आहे. हिशोब घरी करा, प्रयोग नको, चांदीच्या मुलाम्याचं द्रावण बहुतेक सायनाइडचं असतं.

जुन्या पुस्तकातली युनिटं (घाई असेल तर सोडून द्या)

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी फिजिक्सची पुस्तकं स्वस्तात मिळतात, त्यात ईएसयू आणि ईएमयू भेटतात. १ ईएमयू म्हणजे अ‍ॅबकूलोम = १० कूलोम, हे सोपं. १ ईएसयू म्हणजे स्टॅटकूलोम = ३.३३५६ × १०^-१० कूलोम, उलट बाजूने १ कूलोम म्हणजे जवळपास ३ × १०^९ स्टॅटकूलोम.

तो ३ ओळखीचा वाटला ना? बरोबर, प्रकाशाचा वेग आहे तो, सेंटिमीटर दर सेकंदात ३ × १०^१०. एका अ‍ॅबकूलोमात तेवढे स्टॅटकूलोम. वेबर आणि कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये लेडन जारमधला (चार्ज साठवायची जुनी काचेची बाटली) चार्ज दोन्ही पद्धतीने मोजून हे गुणोत्तर काढलं आणि आकडा प्रकाशाच्या वेगाजवळ आला. मॅक्सवेलला प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे असं म्हणायला जो आधार मिळाला तो इथून. युनिट बदलायच्या एका आकड्यात एवढं मोठं घबाड निघालं!

उदाहरण: ४८ स्टॅटकूलोम म्हणजे किती इलेक्ट्रॉन? दादरला उतरा. ४८ भागिले ३ × १०^९ = १६ × १०^-९ कूलोम, १६ नॅनोकूलोम. भागिले १.६ × १०^-१९ = १०^११ इलेक्ट्रॉन.

उत्तर पटतंय का ते बघा

कन्व्हर्टर ऑनलाइन आहेतच, पण चुकीचं युनिट निवडलं तर ते मुकाट्याने चुकीचं उत्तर देतात. म्हणून अंदाज डोक्यात हवा. केसांवर घासलेली फणी: नॅनोकूलोममध्ये. कोरड्या एसी ऑफिसात दाराच्या कडीला हात लावताच चटका बसतो तो: अंगाची क्षमता साधारण १०० पिकोफॅरड, ३००० व्होल्ट धरले तर ३०० नॅनोकूलोम, म्हणजे ०.३ मायक्रोकूलोम. (पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हा चटका फारसा जाणवत नाही, पण मोबाइल रिपेअरिंगवाल्यांनी मनगटाचा अर्थिंग पट्टा तरी घालावा, चिपला आपल्याला न जाणवणारा चार्ज पण पुरतो.) कपॅसिटर: मायक्रो ते मिलीकूलोम. आकाशातली वीज: साधारण पंधरा-वीस कूलोम. फोन: अठरा हजार.

हो, फोनच्या बॅटरीतनं विजेपेक्षा जास्त चार्ज जातो. पण वीज कोट्यवधी व्होल्टवर आणि क्षणात येते, फोन पावणेचार व्होल्टवर दिवसभरात. आणि फोनमध्ये १८,००० कूलोम साठून बसलेले नसतात, एका टोकातनं जेवढा बाहेर पडतो तेवढा दुसऱ्या टोकातनं आत येतो, बॅटरी एकूणात न्यूट्रलच. खरोखर एकेक कूलोम सुटा करून दोन ठिकाणी एक मीटरवर ठेवला तर त्यांच्यात ९ × १०^९ न्यूटन जोर येईल, नऊ लाख टन वजनाएवढा. त्यामुळे घासलेल्या फुग्याच्या गणितात उत्तर ५ कूलोम आलं तर कुठेतरी मायक्रो गाळलाय हे नक्की.

घरातल्या एसी सप्लायसाठी मात्र हा हिशोब लावू नका. तिथे करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, एकूण चार्ज शून्यच येतो. करंट × वेळ हे डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटला.

सरावाला चार घ्या. ७ एएचची यूपीएसची बॅटरी किती कूलोम? २५,२००. ०.०८ मायक्रोकूलोममध्ये किती इलेक्ट्रॉन? ५ × १०^११. २ अ‍ॅबकूलोम किती एमएएच? २० कूलोम, भागिले ३.६, साधारण ५.५६. आणि लॅपटॉपची ६० वॅट-अवरची बॅटरी किती कूलोम? व्होल्ट दिलेलेच नाहीत, उत्तर निघत नाही. बॅटरी पालथी करून बघा, ११.१ व्होल्ट छापलं असेल तर ६० भागिले ११.१ म्हणजे ५.४ एएच, गुणिले ३६००, साडेएकोणीस हजार कूलोमच्या जवळ.